चिंचोक्यांचा लिलाव

मुलांनो, चिंचोके कशाकशाला उपयोगी पडतात सांगा बघू? सारीपाटाला, एकी-बेकी खेळायला, भाजून खायला. बरोबर! पण चिंचोक्यांनी हॉकीपटू विकत घेता येतात, हे ठाऊक आहे का तुम्हांला? आमच्या वर्गातल्या मुलांनी घेतले. चांगले बावीस घेतले!

आमची शाळा फलटण तालुक्यातली, जिल्हा परिषदेची. सहावीच्या वर्गात तेव्हा मुलं होती फक्त अकरा. बरोब्बर हॉकीचा एक संघ. माझं माहेर सांगली जिल्ह्यातलं, तासगावकडचं. तिकडे आम्ही खो-खोवर वाढलो. हॉकीची काठी मी लग्न होऊन फलटणला आले तेव्हाच पहिल्यांदा हातात धरली, तीसुद्धा केर काढताना कोपऱ्यातून बाजूला ठेवायला म्हणून. पण फलटणची हवाच निराळी. इथं घराघरात हॉकीची नावं माहीत. आसू गावची वैष्णवी फाळके, वाखरीची अक्षता ढेकळे, फलटणचीच ऋतुजा पिसाळ. शेजारच्या माण तालुक्यातली काजल आटपाडकर. २०२२ साली दक्षिण आफ्रिकेत ज्युनियर विश्वचषक झाला, त्यात आपला संघ चौथा आला. त्या संघात वैष्णवी आणि अक्षता दोघीही होत्या. एका तालुक्यातल्या दोन मुली भारताच्या संघात! मग आमची पोरं रस्त्यानं जाताना बाभळीच्या काठीनं खडे टोलवत जातील नाहीतर काय करतील?

आता लिलावाची गोष्ट. २०२४ च्या ऑक्टोबरात दिल्लीला हॉकी इंडिया लीगचा लिलाव झाला. मुलींच्या लीगची ही पहिलीच वेळ, संघ चार. उदिता दुहान या खेळाडूला ३२ लाख रुपये मिळाले, सगळ्यांत जास्त. ही बातमी मी वर्गात वाचून दाखवली नि चूक झाली! मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, आपण बी लिलाव करू की!"

पैसे तर नाहीत. मग शाळेमागच्या चिंचेनं आम्हांला चलन पुरवलं. प्रत्येकाला चाळीस चिंचोके. प्रत्येकानं दोन खेळाडू घ्यायचे. अट एकच, खेळाडू नवी हवी. म्हणजे जिचं नाव पेपरात बारीक अक्षरांत येतं, पण घरोघर अजून झालेलं नाही, अशी. पुढं ती भारताच्या संघात निवडली गेली की पाच गुण आणि गोल केला की तीन. हिशेब पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरात. थोडक्यात काय, आज बी बघायचं नि झाड केवढं होईल ते ओळखायचं.

आठ दिवस पोरांनी पेपरची कात्रणं जमवली. कुणी भेळेचे कागदसुद्धा सोडले नाहीत! लखनौची मुमताज खान, भाजी विकणाऱ्या आईबापांची मुलगी, ज्युनियर विश्वचषकात आठ गोल करणारी. झारखंडच्या सिमडेग्याची संगीता कुमारी. हरियाणाची दीपिका. ओडिशाची सुनेलिता टोप्पो. नकाशात सिमडेगा शोधायला निघालेल्या पोरांना वाटेत निम्मा भारत पाठ झाला. भूगोलाच्या तासाला हे मला कधी जमलं नव्हतं.

लिलावाच्या दिवशी काय कालवा म्हणता! वैष्णवीचं नाव पुकारलं आणि बोली बारावरून एकदम चौतीसवर गेली. आमच्या वर्गातला सगळ्यांत वेगानं पळणारा मुलगा होता, त्यानं दीपिकाला एकतीस चिंचोके मोजले. पहिल्या पाच-सहा नावांतच बहुतेकांचे खिसे रिकामे झाले. आणि मग, शेवटी शेवटी, भिंतीला टेकून गप्प बसलेली एक मुलगी हात वर करायला लागली. तिचं नाव मी सांगणार नाही, कारण ती हे साप्ताहिक वाचते. सुनेलिता तिला सोळा चिंचोक्यांना मिळाली. ऋतुजा पिसाळ तोपर्यंत भारताच्या मोठ्या संघातून एकदाही खेळली नव्हती. तिचं नाव आलं तेव्हा बोली लावायला कुणाकडे काही उरलंच नव्हतं. तीन चिंचोके, एक वार, दोन वार, तीन वार! ऋतुजा हिची झाली. पोरं हसली. मीही हसले.

इथवर सगळी गंमतच. पुढचं मात्र मला सांगायला जरा जड जातंय.

लिलाव झाल्यावर मुलं म्हणाली, "बाई, आता आमचे बी नंबर लावा. आमच्यातलं उद्या कोण खेळणार?" मी नको म्हणायला हवं होतं. पण खरं सांगू? मलाही हौस होती. आमच्याच तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव २०२१ साली टोकियोच्या ऑलिंपिकला धनुष्यबाण घेऊन गेला. मजुराचा मुलगा. त्याला आधी मैदानावर आणि मग धनुर्विद्येकडे नेलं, ते जिल्हा परिषदेच्या शाळेतल्याच गुरुजींनी. आपल्यालाही असा एखादा प्रवीण सापडावा, उद्या पेपरात 'त्याच्या बाई' म्हणून आपलं नाव यावं, असं कुठंतरी मनात होतंच की!

मग मी शिट्टी, वही आणि घड्याळ घेऊन मैदानावर उभी राहिले. पन्नास मीटर पळणं. चपलांच्या रांगेतून चेंडू काढणं. लांब टोला. शाळेत काठ्या सहाच, त्यामुळं पाळ्या लावल्या. दोन दिवसांनी कागदावर ठळक अक्षरांत अकरा नावं लिहून वर्गात चिकटवली. पहिला अर्थात तो पळणारा मुलगा. अकरावी ती. तिच्यापुढं मी शेरासुद्धा लिहिला होता: 'उलटा हात, फाऊल फार.'

ती डावखुरी. काठी धरताना उजवा हात वर नि डावा खाली, असं धरायची आणि डाव्या बाजूनं मारायची. हॉकीची काठी नीट बघितलीत कधी? तिची एकच बाजू सपाट असते, दुसरी गोलसर. चेंडू सपाट बाजूनंच मारायचा, गोल बाजू लागली की फाऊल. ही डावीकडून मारायची, म्हणजे दरवेळी गोल बाजू! मी दरवेळी शिट्टी फुंकायची. दोन दिवसांत किती वेळा फुंकली असेल, देव जाणे.

यादी लावून आठ-दहा दिवस झाले असतील. दुपारी खिचडीची रांग लागली होती. मी सहज बघत होते आणि काहीतरी ओळखीचं वाटलं. सगळ्यांत पुढं तो पहिला मुलगा. त्याच्यामागं दुसऱ्या नंबरची मुलगी. मग तिसरा, चौथा... पोरं माझ्या यादीप्रमाणं उभी होती! कुणी सांगितलं नव्हतं, कुणी ढकललं नव्हतं. आणि ती ताटली घेऊन अगदी शेवटी, दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावरची सावली असल्यासारखी. त्या दिवशी खिचडी संपत आली होती. तिच्या ताटलीत भांड्याच्या बुडाची खरड पडली.

मी तिला विचारलं, "अगं, पुढं का नाही उभी राहिलीस?"

ती म्हणाली, "माझा नंबर हितंच हाय ना, बाई."

मला तेराव्या नंबरची आठवण झाली. तुम्हांला नाही कळणार, थांबा, सांगते. मी सातवीत असताना खो-खोचा संघ निवडला होता. तेव्हा संघात बारा जणी, नऊ खेळायच्या, तीन राखीव. सरांनी नावं वाचली. बारा झाली आणि सर वही मिटता मिटता म्हणाले, "तेरावी तू होतीस हं." त्यांना वाटलं असेल, पोरीला बरं वाटेल. मी त्यानंतर खो-खो खेळलेच नाही. पाटीवर बसायचं म्हटलं की पोटात गोळा यायचा. आणि आज माझ्याच हातानं मी दुसऱ्या कुणाला तरी अकरावी करून ठेवली होती, तेही कायमचं, भिंतीवर.

दुसऱ्या दिवशी मी यादी काढली. वर्गात सांगितलं, "माझं चुकलं. दोन दिवसांत कुणाचा नंबर कळत नसतो."

तुम्हांला वाटेल, सगळे खूश झाले असतील. छे! तो पहिला मुलगा उभा राहिला. डोळ्यांत पाणी. "मग माझा पयला नंबर बी चुकीचा का, बाई? मी तर खरंच पयला आलो हुतो." काय सांगायचं त्याला? तो खरंच पहिला आला होता. कुणाची चूक भरून काढताना दुसऱ्याचं काढून घेतलं की काय मी? यावर मला अजूनही नीट उत्तर सापडलेलं नाही. पन्नास मीटरचं त्याचं सेकंद मी त्याच्या वहीत लिहून सही करून दिलं, तारखेसकट. एवढंच सुचलं.

आता हाताचं. गावात हायस्कूलला खेळ शिकवणारे एक सर येतात, त्यांना मी एकदा विचारलं, "सर, डावखुऱ्यांची हॉकीची काठी कुठं मिळते हो?" ते हसायलाच लागले. म्हणाले, "अहो बाई, तशी काठी नसतेच! सगळ्यांना एकाच जातीची. डावा हात वर, उजवा खाली." आणि पुढं जे म्हणाले ते ऐकून मी गारच झाले. काठी फिरवण्याचं, उलटी-सुलटी करून चेंडू इकडून तिकडं नेण्याचं सगळं काम वरच्या हाताचं, म्हणजे डाव्याचं. खालचा उजवा हात नुसता आधाराला, जरा सैलच. म्हणजे ज्या हातापायी मी तिला शेवटी बसवलं, त्याच हातानं हॉकीची निम्मी करामत करायची असते! उजव्या हातानं लिहिणाऱ्यांना तो डावा हात वळवायला महिने लागतात.

(हातांचं काही खरं नसतं म्हणा. माझ्या सांगलीची स्मृती मानधना डाव्या हातानं बॅटिंग करते ना? ती मुळात उजवखुरी. मोठ्या भावाचं बघून बघून तिनं बॅट डाव्या हातानं धरली. तिला कुणी शिट्टी फुंकली नाही, हे क्रिकेटचं नशीब.)

मी मैदानावर तिचे हात बदलून दिले. लगेच चमत्कार झाला असं समजू नका हं. पहिल्या दिवशी तिला चेंडूच सापडेना. तिचा टोला अजूनही कमजोरच आहे, पन्नास मीटरला ती अजूनही मागंच असते. पण दीड-दोन महिन्यांनी चपलांच्या रांगेतून चेंडू नेताना तिची काठी अशी टकटक वळायला लागली, की खेळ थांबवून पोरं बघत बसायची. शिवाय चेंडू अडवणं! कितीही जोरात आलेला चेंडू तिच्या काठीला येऊन मांजरासारखा गप्प बसतो. पेनल्टी कॉर्नरला हे फार मोलाचं. तिथं एकजण रेषेवरून चेंडू ढकलते, दुसरी तो 'डी'च्या बाहेर अडवते आणि तिसरी गोलात मारते. पेपरात नाव छापून येतं तिसरीचं. पण मधलीचा चेंडू एकदा का उडाला, की तिसरीनं काय मारायचं? आमच्या संघात मधली आता तीच. आणि गंमत म्हणजे तिसरा तो पळणारा मुलगा. भांडतात दोघं फार, पण कॉर्नर मिळाला की मुकाट्यानं आपापल्या जागी जातात.

बरं, चिंचोक्यांचा हिशेब राहिलाच की!

२०२४ च्या नोव्हेंबरात राजगीरला आशियाई चॅम्पियन्स करंडक झाला. दीपिकानं अकरा गोल ठोकले, अंतिम सामन्यात चीनविरुद्धचा एकुलता गोलही तिचाच. म्हणजे आमच्या पळणाऱ्या मुलाला एका झटक्यात अडतीस गुण! तो दोन दिवस जमिनीवर नव्हता. पण २०२५ च्या सप्टेंबरात हांगझोला आशिया चषक होता, त्याच्या आधी दीपिकाला दुखापत झाली आणि ती जाऊ शकली नाही. दुखापतीचा रकाना आम्ही केलाच नव्हता.

आणि ऋतुजा? तीन चिंचोक्यांची ऋतुजा? २०२५ च्या फेब्रुवारीत ती प्रो लीगमध्ये भारताच्या मोठ्या संघातून खेळली, स्पेनविरुद्ध गोलही केला. आशिया चषकाच्या संघातही ती होती. कोरियाविरुद्धचा सामना आपण ४-२ असा जिंकला. त्यातला पहिला गोल वैष्णवी फाळकेचा, दुसऱ्याच मिनिटाला. शेवटचा ऋतुजा पिसाळचा, एकोणसाठाव्या मिनिटाला. सुरुवातही फलटणची नि शेवटही फलटणचा! अंतिम सामन्यात चीननं ४-१ असं हरवलं, रुपेरी पदक मिळालं. आमच्या वर्गात त्या दिवशी कुणाला हरल्यासारखं वाटलंच नाही.

फळ्यावर बेरीज केली. दीपिकावाला पहिला आला, अकरा गोलांच्या पुण्याईवर. ती तिसरी. पण मुलांनी स्वतःच एक नवीन हिशेब काढला. दर चिंचोक्यामागं गुण किती? भागाकार केला आणि तीन चिंचोक्यांची ऋतुजा सगळ्यांच्या वर गेली. आमचा अपूर्णांकाचा धडा त्या दिवशी आपोआप झाला.

मी तिला विचारलं, "खरं सांग, ऋतुजा चांगली खेळेल हे तुला कसं कळलं गं?"

"मला कुठं कळलं?" ती म्हणाली. "सगळ्यांचे चिंचोके संपूस्तोवर मी थांबले, येवढंच."

पुढच्या लिलावाची तयारी चालू झाली आहे. या खेपेला सगळीच पोरं म्हणतात, आम्ही शेवटपर्यंत थांबणार. सगळेच थांबले तर बोली लावणार कोण, हा प्रश्न मी त्यांना अजून विचारलेला नाही. तिच्याकडे मागच्या वेळचे एकवीस चिंचोके शिल्लक असायला हवेत. ते आण म्हटलं, तर कळलं, तिनं नि तिच्या धाकट्या भावानं ते केव्हाच भाजून खाल्ले!