भयकथाकाराचे भय

पदरचे पैसे मोडून भीती विकत घेण्याची हौस माणसास का असावी, हे कोडे आम्हांस अद्याप उलगडलेले नाही. नारायण धारपांच्या कादंबऱ्या पांघरुणात दडून वाचणाऱ्या पिढीतले आम्ही. पुढे इंग्रजी वाङ्मयाचे अध्यापन पत्करले, आणि नंदुरबारास स्थिरावल्यावर एडगर ॲलन पो हा अमेरिकन भयकथाकार दरवर्षी शिकवू लागलो. त्याचे चरित्र मात्र आम्ही एका वाक्यात उरकीत असू: मोठा प्रतिभावान, परंतु दारूने बुडाला. मुले हसत, आम्हीही हसत असू.

एका पावसाळ्यात, तास संपल्यावर, धडगावकडील एक आदिवासी विद्यार्थी जवळ येऊन म्हणाला, “सर, त्याच्या घरची माणसे कशाने गेली, ते राहिले.” खरे सांगावयाचे तर ते आम्हांसही नीट ठाऊक नव्हते. त्या रात्री चरित्र काढून बसलो.

1809 साली बोस्टन येथे जन्मलेल्या ह्या पोराचा बाप घर सोडून गेला, आणि नाटकांत कामे करणारी आई 1811 साली वारली. जॉन ॲलन नामक व्यापाऱ्याने त्यास वाढविले. पण रीतसर दत्तक घेतले नाही, की मृत्युपत्रात एक छदामही ठेवला नाही. 1836 साली पोने आपल्या आतेबहिणीशी, व्हर्जिनियाशी, लग्न केले. ती अवघी तेरा वर्षांची! 1842 च्या जानेवारीत गाता गाता तिच्या तोंडातून रक्त आले. क्षयाचे जंतू कॉखने दाखविले ते 1882 साली. तोवर उपाय कसला? पाच वर्षे पो तिचे मरण पाहत होता. शेवटच्या हिवाळ्यात ती गवताच्या बिछान्यावर पडलेली, अंगावर नवऱ्याचा ओव्हरकोट, आणि छातीला ऊब म्हणून पाळलेले मांजर! 1847 च्या जानेवारीत ती गेली. 1849 च्या ऑक्टोबरात पो बाल्टिमोर येथे भ्रमिष्टावस्थेत सापडला व चार दिवसांनी वारला. कारण आजतागायत कळलेले नाही.

तो पीत असे, हे खरे. पण त्याच्या मृत्यूनंतर दोनच दिवसांनी ग्रिझवोल्ड नामक त्याच्या वैऱ्याने टोपणनावाने निंदालेख छापला, आणि पुढे चरित्र लिहून त्यात पोची पत्रेही फिरविली. ती लबाडी पुरती उघडकीस आली 1941 साली.

दुसऱ्या दिवशी हे सारे वर्गात सांगितले. तो मुलगा खालमानेने म्हणाला, “म्हणजे सर, त्याला मेल्यावर डाकीण ठरवले.”

वर्ग एकदम स्तब्ध झाला. आजाराचे कारण कळले नाही की एखाद्या बाईवर डाकीण म्हणून ठपका ठेवावयाचा, ही रीत आमच्या सातपुड्यास अपरिचित नाही. 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. तरी ठपका पुसण्याचे काम कायद्याच्या एकट्याच्या हातचे नव्हे. “माझ्या आजीला ठरवले होते,” एवढेच तो पुढे बोलला आणि खाली बसला.

ग्रिझवोल्ड तर वैरी होता. आमचे पोने काय वाकडे केले होते? तरीही इतकी वर्षे आम्ही तोच ठपका मुलांच्या वह्यांत उतरवून देत आलो, आणि वर हसलो! भीती निर्माण करावयास भुतेच लागतात असे नाही; एक आळशी वाक्य पुरते.

आता पो शिकवावयाचा दिवस आला की आम्ही त्या मांजरापासून आरंभ करतो. वर्गात कोणी हसत नाही.