दारं धरता धरता

अंथुर्ण्याला मामांच्या उसात रात्रीची दारं धरायला गेलो होतो. मे महिना, नीरा डाव्याचं आवर्तन लांबलेलं. फावड्यानं बारं फोडत मामा म्हणाले, "तुमचं पुणं पाणी पितंय का पाण्यात लोळतंय?" मी म्हटलं, "मामा, हे पाणी भाटघर-वीरचं. पुण्याचा काय संबंध?" "आपला नसंल, शेटफळगढ्याकडच्यांचा हाय की. खडकवासल्याचा कालवा तिकडंच जातो. अन् तुम्ही वापरून सोडलेलं उजनीत आमच्याच तालुक्याला येतं."

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. पाणी येतं कुठून ते एकदा वर जाऊन बघावं, असं मात्र डोक्यात बसलं. बारामतीहून एसटीनं स्वारगेट, तिथून पानशेतची गाडी.

खडकवासल्याचं धरण 1879 च्या सुमारास झालं. त्यात मावतं जेमतेम दोन टीएमसी. पुण्याची खरी भिस्त वरच्या वरसगाव, पानशेत आणि टेमघरवर. चारी मिळून एकोणतीस टीएमसीच्या आसपास. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं, ती गोष्ट पुण्यात अजून घरोघर सांगतात. धरणाच्या वरचे डोंगर कसे उघडे पडले, ती गोष्ट कुणी सांगत नाही. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळांनी सत्तरच्या दशकात इथल्या आंबी-मोसे नद्यांच्या खोऱ्यांत हिंडून ती लिहून ठेवली आहे. धरणासाठी रस्ता आला, रस्त्यामागून कोळसेवाले आले. खालची भातखाचरं बुडालेली माणसं वर सरकली आणि उभ्या उतारावर नांगर धरू लागली. मग माती जाणार कुठे? धरणातच.

पानशेतच्या पुढे उतरून चढायला लागलो. एका बाजूला वणव्यानं काळा पडलेला उतार, पलीकडे टेकाडाच्या खांद्यावर छोटी देवराई. मला पोरखेळ सुचला. बाटलीतलं थोडं पाणी उघड्या मुरमावर ओतलं. धूळ गोळा करत ते हातभर घरंगळलं. देवराईत शिरून जांभळाखालच्या पाचोळ्यावर तेवढंच ओतलं. दिसेनासं झालं. पाचोळा उचकून पाहिला, तर खाली काळी, भुसभुशीत, गार माती. झाडं पाऊस पाडतात वगैरे मी म्हणणार नाही, झाडं पाणी पितातही. पण पावसाळ्यातलं पाणी दमादमानं सोडणं आणि गाळ अडवणं, ही कामं या मातीची.

ब्राझीलमधल्या रिओ शहराला हे 1861 मध्ये उमगलं. कॉफीच्या मळ्यांपायी तिजुकाचे डोंगर बोडके झाले, झरे आटले, तेव्हा सम्राटानं जंगल पुन्हा लावायला घेतलं. रोपं लावली मोजक्या गुलामांनी, नाव राहिलं मेजर आर्चरचं. इथे तर रोपांचीही फार गरज वाटत नाही. वेळेवर जाळरेषा काढल्या, काही वर्षं चराई आवरली, तर बुंध्यांतून ऐन-हिरडा आपसूक फुटतो. आपल्याला मात्र खड्डे खणून गिरिपुष्प लावायची आणि फोटो काढायची हौस. तीच हौस मामांच्या इंदापूर तालुक्यात माळांवर उतरते. आदल्याच दिवशी कडबनवाडीच्या माळावर चिंकारे पाहिले होते. ते गवताळ रानच आहे, त्याला झाडं लावून 'सुधारणं' म्हणजे चिंकाऱ्याला घराबाहेर काढणं.

पोरखेळात प्यायचं पाणी संपलं होतं. खालच्या वाडीत एका आजींकडे मागितलं. हंडा रिकामा होता, त्या झऱ्यावर निघाल्याच होत्या. मीही मागून गेलो. देवराईच्या पायथ्याशी करवंटीनं भरावं लागेल एवढंसं पाणी. समोर पानशेतचा जलाशय लखलखत होता.

"आजी, एवढं धरण समोर असताना..."

"ते पुण्याचं," त्या करवंटी बुडवत म्हणाल्या. हंडा भरायला अर्धा तास गेला. निघताना माझ्या हातातल्या बाटलीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "टाकू नको रं. दे इकडं, तेलाला होईल."