श्वास सुटला, पण डोळ्यांची तारीख चुकली

माझ्या ताईचा मुलगा २९व्या आठवड्यात जन्मला, वजन १,३०० ग्रॅम. फुफ्फुसं कच्ची होती. आधी सर्फॅक्टंट दिलं, मग ऑक्सिजन, आणि मशीन काही सुटेना म्हणून थोडे दिवस स्टेरॉइड. बडोद्याहून ताईचा फोन आला की आई पहिलं विचारायची, "ऑक्सिजन किती कमी झाला?" डोळ्यांबद्दल कुणी विचारलंच नाही. टपोरे काळेभोर डोळे होते, विचारणार तरी काय?

बाळ घरी आल्यावर मी त्याची फाइल लावत होते (दिवसभर दुसऱ्यांचं लिखाण तपासते, हात थांबत नाही). तिसऱ्या पानावर होतं: 'आरओपी, पुन्हा तपासणी', आणि पुढे तारीख. ती उलटून चार दिवस झाले होते. आम्हाला तोंडी कुणी सांगितलं नव्हतं. आणि खरं सांगू? वाचलं आम्हीही नव्हतं.

डोळ्याच्या आतल्या पडद्यापर्यंत रक्तवाहिन्या पोचायला गर्भातले जवळजवळ चाळीस आठवडे लागतात. बाळ लवकर आलं की हे काम अर्धवट राहतं. त्यात ऑक्सिजन जास्त झाला, तर पुढे त्या वाहिन्या वेड्यावाकड्या वाढू शकतात आणि पडदा ओढून सुटाही करू शकतात. बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून ३४ आठवड्यांच्या आत किंवा २,००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचं बाळ असेल, तर जन्मापासून ३० दिवसांच्या आत डोळे तपासायचे. फारच लहान बाळाचे दोन-तीन आठवड्यांतच. पहिली तपासणी ठीक निघाली तरी वाहिन्यांची वाढ पूर्ण होईपर्यंत पुन्हा पुन्हा जायचं. आम्ही चुकलो ते इथेच.

दुसऱ्याच दिवशी धावलो. थेंब घालून डोळे तपासले, ४८ तासांत लेझर झालं. ताई बाहेर बाकावर बसून एकच म्हणत होती, "स्टेरॉइडच्या कागदावर मीच सही केली ना." डॉक्टर तिच्याशेजारीच बसल्या. स्टेरॉइडमुळे डोळ्यांना किती धोका वाढतो, यावर अजून एकमत नाही, म्हणाल्या, "पण त्या वेळी श्वास चालला नसता, तर आज डोळे तपासायला बाळ तरी असतं का?" ताई तेव्हा पहिल्यांदा रडली.

तुमच्याकडेही असं बाळ घरी आलं असेल, तर फाइल आजच उघडा. तारीख सापडली नाही, तर फोन करून विचारा.

आमचा पठ्ठ्या आता दोन वर्षांचा आहे. चष्मा लागलाय, मागे इलॅस्टिकचा पट्टा. मी गेले की तो आधी स्वतःचा चष्मा काढून फेकतो, मग माझा.