दोन वर्षांची मुदत

२०२५ च्या एप्रिल महिन्यात आम्ही उभयता कन्येकडे राहण्यासाठी अमेरिकेतील युटा राज्यात गेलो. सॉल्ट लेक सिटीच्या विमानतळावर ट्रॉली लोटत बाहेर आलो, तो समोर पन्नास-साठ माणसांचा घोळका. हातात फुगे, रंगीत फलक, कोणाच्या कडेवर तान्हे मूल, चाकांच्या खुर्चीत एक वृद्धा. सौ. म्हणाली, "एखादा मंत्री यायचा असेल." एवढ्यात आमच्याच विमानातून उतरलेला, काळा सूट घातलेला वीस वर्षांचा एक मुलगा दारातून बाहेर आला. त्याची आई धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडली आणि सारा घोळका टाळ्या वाजवू लागला. मुलाच्या खिशावर एक लहानसा काळा बिल्ला होता.

जावईबापूंनी गाडीत उलगडा केला. तो मुलगा मॉर्मन धर्मप्रचारक होता व दोन वर्षे परदेशी राहून परतला होता. २०२० मध्ये नवे विमानतळ उभारताना आगमनाच्या बाजूस जे मोठे दालन ठेवले, त्यामागे अशा स्वागतांचाही विचार होता. विमानतळाच्या आराखड्यात एका समाजाची रीत धरलेली मी प्रथमच पाहिली.

हा समाज म्हणजे 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स'. जोसेफ स्मिथ या तरुणाने १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात त्याची स्थापना केली. १८४४ मध्ये इलिनॉयमधील तुरुंगात जमावाने त्याची हत्या केली. त्यानंतर ब्रिगॅम यंग याने अनुयायांना पश्चिमेकडील ओसाड खोऱ्यात आणले. पहिला तांडा जुलै १८४७ मध्ये पोहोचला आणि २४ जुलै हा दिवस युटात आजही सार्वजनिक सुट्टीचा असतो. खाऱ्या पाण्याचे विस्तीर्ण सरोवर, पलीकडे वासॅच पर्वताची हिमाच्छादित रांग, आणि मधोमध पटावर आखल्यासारखे शहर. रस्ते इतके रुंद की बैल जुंपलेली गाडी वळविता यावी, अशी त्यामागील दृष्टी सांगतात. पत्ते मंदिराच्या चौकापासून मोजतात. आमच्यासारख्या नवख्या माणसालाही तेथे चुकणे अवघड.

त्या मंदिराचे बांधकाम १८५३ ते १८९३ असे चाळीस वर्षे चालले. आम्ही गेलो तेव्हा ते नूतनीकरणासाठी बंद होते व भूकंपापासून रक्षणासाठी त्याच्या पायाखाली नवी यंत्रणा बसविण्याचे काम चालू होते. १८९३ हे साल वाचून मी थबकलो. त्याच वर्षी शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत आपले वीरचंद राघवजी गांधी बोलले. साधुमर्यादेमुळे आचार्य आत्मारामजींना समुद्र ओलांडता येत नव्हता, म्हणून त्यांनी एकोणतीस वर्षांच्या या तरुणाला धाडले होते. मॉर्मनांना मात्र त्या परिषदेचे निमंत्रण नव्हते. बहुपत्नीत्वामुळे त्यांची अपकीर्ती झाली होती व ती प्रथा त्यांनी १८९० मध्ये अधिकृतपणे सोडली असली तरी डाग ताजा होता. गंमत अशी की त्याच महिन्यात, त्याच शहरातील जागतिक प्रदर्शनात त्यांच्या गायकवृंदाने गायनस्पर्धेचे दुसरे पारितोषिक पटकावले. गाणे ऐकावयाचे, मत ऐकावयाचे नाही, असा तो न्याय.

कन्येचे घर सॉल्ट लेक आणि प्रोव्हो यांच्या मध्ये, लीहाय या गावी आहे. संगणक कंपन्यांमुळे तेथे आपली बरीच मंडळी स्थिरावली आहेत. शेजारी एक मॉर्मन कुटुंब राहते. पती-पत्नी, तीन मुली आणि दोन मुलगे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी आम्हांस बोलाविले, तेव्हा दोन्ही घरच्या गृहिणींना कोडे पडले. आमच्याकडे कांदा-लसूण व कंदमुळे वर्ज्य, त्यांच्याकडे चहा, कॉफी, मद्य व तंबाखू वर्ज्य. अखेर सफरचंदाची फोड आणि गरम पाणी यांवर तह झाला. महिन्याच्या पहिल्या रविवारी ते दोन वेळचे जेवण सोडतात आणि वाचलेल्या अन्नाची रक्कम गरजूंसाठी देतात, हे ऐकून सौ.ने त्या बाईंना आपल्या आयंबिलाची माहिती दिली. त्या बाई म्हणाल्या, "म्हणजे मीठसुद्धा नाही?" आणि त्यांनी दोन्ही हात कानांवर ठेवले.

थोरला मुलगा तेवीस वर्षांचा. २०२२ ते २०२४ तो जपानमधील होक्काइदो बेटावर प्रचारक होता. माझ्याशी त्याची मैत्री झाली ती बदल्यांमुळे. मी बँकेत छत्तीस वर्षांत अकरा बदल्या भोगल्या. तो म्हणाला, "आमची बदली दर सहा आठवड्यांनी निघू शकते, आजोबा. संध्याकाळी फोन येतो आणि दोन दिवसांत बॅगा घेऊन निघायचं." माझा नातू मला आजोबा म्हणतो, म्हणून तोही म्हणू लागला. पुढे जपानी सवयीने ते 'आजोबा-सान' झाले.

त्याच्याकडून मला या जीवनक्रमाची तपशीलवार माहिती मिळाली. मुलगे अठराव्या वर्षापासून जाऊ शकतात व दोन वर्षे राहतात, मुली अठरा महिने. कोठे जावयाचे हे मागता येत नाही. नेमणूक वरून येते. पूर्वी ती पांढऱ्या लिफाफ्यातून येई, आता संगणकावर येते, आणि सारे घर जमवून ती उघडली जाते. त्याच्या नेमणुकीत 'सप्पोरो' निघाले तेव्हा ते गाव कोठे आहे हे घरात एकट्या धाकट्यालाच ठाऊक होते. प्रोव्होच्या प्रशिक्षण केंद्रात दोनएक महिने जपानी शिकून या मुलाला विमानात बसविण्यात आले. सकाळी साडेसहाला उठणे, रात्री साडेदहाला निजणे. सिनेमा नाही, मुलींशी मैत्री नाही. आणि एकटे राहणे कधीच नाही. एक सोबती नेमून दिलेला असतो. त्याच्यासह उठावयाचे, जेवावयाचे, दारोदार हिंडावयाचे. आवडनिवड विचारत नाहीत. घरी फोन पूर्वी वर्षातून दोनदाच करता येई, नाताळला व मातृदिनाला. २०१९ पासून दर आठवड्याला बोलता येते.

खर्चाचा प्रश्न मी विचारला नसता तर माझ्या एम. कॉम.ला बट्टा लागला असता. प्रचारकाला पगार नसतो. उलट अमेरिकेतील कुटुंबाने २०२० पासून दरमहा ५०० डॉलर भरावयाचे, म्हणजे दोन वर्षांचे १२,००० डॉलर, आपले दहा लाख रुपयांहून अधिक. पूर्वी ज्या देशी मुलगा जाई तेथील प्रत्यक्ष खर्च घराला सोसावा लागे. जपानला गेलेल्याचा बाप कंबरड्यातून मोडे आणि स्वस्त देशात गेलेल्याचा निभावून जाई. १९९०-९१ पासून सर्वांना एकच रक्कम ठरवून ती एका निधीत जमा करतात व तेथून गरजेप्रमाणे वाटतात. व्यापाऱ्याच्या दृष्टीने ही योजना पक्की आहे. या मुलाने बाराव्या वर्षापासून शेजाऱ्यांची हिरवळ कापून बरीच रक्कम स्वतः साठविली होती.

मात्र एक गोष्ट मला खटकली ती लिहितो. या चर्चची गुंतवणूक अब्जावधी डॉलरची आहे. तिचा आकार दिसू नये म्हणून समभाग नावापुरत्या कंपन्यांकडून दाखविले, या कारणाने फेब्रुवारी २०२३ मध्ये तिकडच्या 'सेबी'ने त्यांच्या गुंतवणूक कंपनीकडून ४० लाख व खुद्द चर्चकडून १० लाख डॉलर दंड वसूल केला. सभासद उत्पन्नाचा दहावा भाग देतातच. तिजोरी एवढी भरलेली असताना मुलाने हिरवळ का कापावी, असे मी त्याच्या वडिलांना विचारले. ते म्हणाले, "फुकट मिळालं असतं तर तो दुसऱ्याच महिन्यात परत आला असता." उत्तर चतुर होते. मला ते पुरते पटले नाही, आणि पुढे जे घडले त्यानंतर तर त्यांनाही पटले नसावे.

जपान ही या लोकांची अवघड भूमी. १९०१ मध्ये हीबर ग्रँट तीन सोबत्यांसह योकोहामाला उतरला. त्यांतील आल्मा टेलर अवघा एकोणीस वर्षांचा होता. त्याने साडेआठ वर्षे तेथे काढून 'बुक ऑफ मॉर्मन'चे जपानी भाषांतर केले व ते १९०९ मध्ये छापले गेले. तरी १९२४ मध्ये काम बंद करावे लागले, तेव्हा तेवीस वर्षांत दोनशे माणसेही त्यांच्या धर्मात आली नव्हती. महायुद्धानंतर ते पुन्हा सुरू झाले आणि २०१६ मध्ये सप्पोरोलाही मंदिर झाले.

"दार कुणी आपटत नाही," थोरला सांगत होता. "वाकून नमस्कार करतात, इतक्या गोड आवाजात नको म्हणतात, की नकार झाला हे जिना उतरल्यावर कळतं." हिवाळ्यात सायकली बर्फात चालत नाहीत, म्हणून पायी हिंडावयाचे. पापण्यांवर बर्फ धरे. दोन वर्षांत त्याच्या हातून किती माणसांचा बाप्तिस्मा झाला, असे मी विचारले. त्याने एक बोट दाखविले. आणि तो गृहस्थही आता प्रार्थनेला येत नाही, हे स्वतःहून सांगितले.

मग एका वृद्धेचे नाव निघाले की त्याचा चेहरा उजळे. प्रचारक मोफत इंग्रजी शिकवीत, त्या वर्गाला ती दर गुरुवारी येई. एकदा तिने दोघा मुलांना घरी बोलावून हिरवा चहा पुढे ठेवला. जपानात तो नाकारणे हा अपमान. हे दोघे अवघडून बसले. कारण समजल्यावर ती काही बोलली नाही, पण पुढच्या गुरुवारी तिने भाजलेल्या सातूचा काढा केला, ज्याला ते 'मुगीचा' म्हणतात, आणि त्यानंतर प्रत्येक गुरुवारी केला. ती शेवटपर्यंत बौद्धच राहिली. तो निघाला तेव्हा तिने त्याच्या आईसाठी लोकरी मोजे दिले. शेजारीणबाईंनी ते मला दाखविले. वापरलेले नव्हते.

धाकटा मुलगा जानेवारीत ब्राझीलमधील रेसिफेला गेला होता. त्याचे छायाचित्र दिवाणखान्यात जगाच्या नकाशाशेजारी लावलेले होते. ऑगस्टमधील एका रात्री अकराच्या सुमारास शेजारच्या दारात गाडी थांबली. मी खिडकीशी होतो. आई-वडील उतरले, मग थोरला, मग एक उंच मुलगा. गाडीत फुगे नव्हते. वडिलांनी बॅग उचलली आणि चौघे आत गेले. सात महिने झाले होते.

तीन दिवस त्या घराचे पडदे उघडले नाहीत. चौथ्या दिवशी थोरल्याने सांगितले की भावाला झोप लागेना, छाती धडधडे, दार वाजविण्यापूर्वी हात थरथरत. डॉक्टरांनी परत पाठविले. "कुणी काही म्हणत नाही," तो म्हणाला. "पण 'कसा आहेस' असं विचारताना सगळे आवाज बारीक करतात." या समाजात दोन वर्षे पुरी करून येणाऱ्यास नोकरीत, विवाहात, प्रार्थनासभेत एक मान असतो. मुदतीपूर्वी परतणाऱ्यास कोणी हाकलीत नाही, परंतु त्याच्यापुढे फलकही कोणी धरीत नाही.

धाकटा संध्याकाळी आमच्या मागच्या अंगणात येऊन बसू लागला. दर आठवड्याला किती धडे दिले, किती नवी माणसे भेटली याचे आकडे वर कळवावे लागत, हे त्याने सांगितले. मी म्हणालो, "ठेवींचे उद्दिष्ट आम्हांलाही असे." तो हसला नाही. "कुणी वाईट वागलं असतं तर बरं झालं असतं, आजोबा. सांगायला कारण तरी असतं."

त्या वेळी मी त्याला जे सांगितले ते तोवर सौ.लाही सांगितले नव्हते. १९८४ मध्ये, तेविसाव्या वर्षी, आसाममधील एका ग्रामीण शाखेत माझी नेमणूक झाली. भाषा येत नव्हती. रात्री पत्र्यावर पाऊस कोसळे आणि मी दाराला टेबल लावून जागा बसे. पाच महिन्यांनी मी पोटदुखीचा दाखला जोडून परत बदली मागितली. पोट दुखत असे हे खरे, पण ते कशाने दुखते हे मला पक्के ठाऊक होते. बार्शीला आमचे कापडाचे दुकान होते. गिऱ्हाईक विचारी तेव्हा वडील म्हणत, "बँकेनेच बोलावून घेतलं." त्यांनी मला कधी काही विचारले नाही. १९९९ मध्ये ते गेले, तोवर मीही काही बोललो नाही.

मुलगा बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारले, "त्यांना ठाऊक होतं का?"

मी म्हणालो, "दुकानदार होते ते. गिऱ्हाईकाचा चेहरा वाचून भाव सांगायचे."

त्या रात्री ही हकीकत सौ.ला सांगितली. ती म्हणाली, "मला वाटलंच होतं. पोटदुखीवर तुम्ही कधी औषध घेतल्याचं सासूबाईंच्या तोंडून ऐकलं नव्हतं."

सप्टेंबरच्या अखेरीस आम्ही परतलो. धाकट्याने बॅगा गाडीपर्यंत आणून दिल्या. विमानतळावर तो आला नाही व आम्ही आग्रह केला नाही.

डिसेंबरमध्ये कन्येने एक छायाचित्र पाठविले. परदेशी राहू न शकणाऱ्यांसाठी या चर्चमध्ये घरी राहून सेवा करण्याचीही सोय आहे. उपवासाच्या दानातून गरजूंना धान्य देण्यासाठी त्यांची कोठारे असतात. त्यांपैकी एकात धाकटा आठवड्यातून तीन दिवस जातो. चित्रात तो पिठाच्या पोत्यांपुढे वही घेऊन उभा आहे आणि खिशावर काळा बिल्ला आहे. सोबत माझ्यासाठी एक प्रश्न होता. वहीतला साठा आणि प्रत्यक्ष पोती यांत अकराचा फरक येतो, काय करावे? मी त्याला उत्तर लिहिले की चोरीचा विचार मनात आणण्यापूर्वी फाटून बाजूला काढलेली पोती मोज, आणि आधीच्या माणसाने महिन्याच्या शेवटच्या दिवशी आलेला माल कोणत्या पानावर चढविला आहे ते पाहा.