तळ्याकाठची खोली

सहलीचा बेत ठरतो तेव्हा तिकिटं कोण काढणार, रजा किती मिळणार, बरोबर चिवडा न्यायचा की चकल्या, हे सगळं घरात बोललं जातं. उतरायचं कुठे, हा प्रश्न मात्र अगदी शेवटी येतो आणि त्याचं उत्तरही ठरलेलं असतं. "झोपायलाच तर जायचंय, स्वच्छ असलं म्हणजे झालं!" बहुतेक घरांत हे वाक्य पुरुष म्हणतात आणि आपण माना डोलावतो. पण मैत्रिणींनो, सहलीला गेल्यावर ओले टॉवेल जिथे वाळत घालायचे, मुलाचं पोट बिघडलं तर जिथे थांबायचं, सासूबाईंच्या गोळ्या जिथे वेळेवर काढून द्यायच्या, ती खोली सगळ्यांत जास्त वेळ आपल्याच वाट्याला येते. मग ती निवडायचीही आपणच, नाही का?

म्हणूनच मागच्या दिवाळीत नेपाळमधल्या पोखऱ्याला जायचं ठरलं, तेव्हा खोली मी बघणार, असं मी आधीच सांगून टाकलं. ह्यांनी मुकाट्याने मान्य केलं. कारण खोलीचे पैसे माझे होते. मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते. पगार सांगण्यासारखा नाही, पण तीन वर्षं दरमहा थोडे थोडे पोस्टात टाकत गेले होते. आमच्या जाऊबाईंना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, अंथरूण पाहून पाय पसरावेत. एवढ्यात दोन बांगड्या झाल्या असत्या." झाल्याही असत्या. पण बांगड्या कपाटात राहतात आणि लग्नकार्याला निघतात. मला चार दिवस हवे होते.

सगळ्यांना काय हवंय ते मी एका वहीत लिहून काढलं. ह्यांना पॅराग्लायडिंग. मुलाला तारेवरून घसरत जाण्याचा तो झिपलाइनचा प्रकार. सारंगकोटच्या डोंगरावरून निघणारी ही तार जवळजवळ १.८ किलोमीटर लांब आहे, हे त्याने मला दहा वेळा ऐकवलं होतं. लेकीला नाव वल्हवायची होती. सासूबाईंना मुक्तिनाथाचं दर्शन. सगळ्यांचं लिहून झाल्यावर लेकीने विचारलं, "आणि आई, तुला?" मी जरा विचारात पडले. मग म्हटलं, "चार दिवस कोणी 'चहा टाक' म्हणू नये. आणि कोणीतरी माझ्या अंगाला तेल लावून द्यावं." मुलं हसली. मी ते वहीत लिहिलं.

मी वर्गात भूगोल शिकवते, त्यामुळे आधी नकाशा उघडला. पोखरा म्हटलं की सगळ्यांना बर्फच आठवतो. पण हे गाव समुद्रसपाटीपासून जेमतेम ८०० मीटर उंचीवर आहे, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षाही खाली. आणि तिथून पंचवीस-तीस किलोमीटरच्या आत माछापुच्छ्रे, म्हणजे माशाच्या शेपटीसारखं दिसणारं शिखर, ६,९९३ मीटरपर्यंत उभं राहतं. त्याच्या पलीकडे ८,०९१ मीटरचं अन्नपूर्णा. आठ हजार मीटरवरच्या शिखरांपैकी माणसाचे पाय सर्वांत आधी लागले ते ह्या अन्नपूर्णेला, १९५० साली. माछापुच्छ्रेला मात्र तिथले लोक देवाचं स्थान मानतात. १९५७ साली एक ब्रिटिश तुकडी शिखराच्या पन्नासेक मीटर खालून परत फिरली आणि पुढे त्यावर चढायला बंदीच झाली. वर्गात हे सांगताना मुलं कान टवकारतात, तसे सासूबाईंनीही टवकारले.

मुक्तिनाथाचं मात्र अवघड होतं. ते ह्या डोंगररांगेच्या पलीकडे, ३,७०० मीटरच्याही वर आहे. सासूबाईंना रक्तदाब आहे, गुडघेही धरतात. डॉक्टरांनी वरची विरळ हवा नको म्हणून स्पष्ट सांगितलं. आई काही बोलल्या नाहीत. फक्त त्या दिवशी पोथी नेहमीपेक्षा लवकर मिटली. तेव्हाच माझ्या मनात पक्कं झालं की, बाकीचे डोंगरावर उड्या मारत असताना ज्यांना दिवसभर मागे राहायचं आहे, त्यांच्या दृष्टीने जागा बघायची. उडणाऱ्याला काय, कुठलीही खोली चालते.

मग माझी शोधाशोध सुरू झाली. जाहिरातींत सगळंच 'आलिशान' असतं. फोटोंत तळं निळंशार, पलंगावर गुलाबाच्या पाकळ्या आणि टॉवेलचे राजहंस. पण पोखऱ्यात एक मेख आहे. तिथल्या हॉटेलांच्या मुख्य वस्तीचं नावच 'लेकसाइड' आहे. जुनं नाव बैदाम. त्यामुळे पत्त्यात लेकसाइड असलं म्हणजे तळं दारात असेलच असं नाही. ते दोन गल्ल्या सोडूनही असू शकतं. एका हॉटेलला मी फोन करून विचारलं, "खोलीतून तळं दिसतं ना?" उत्तर आलं, "दिसतं ना मॅडम, गच्चीवर गेलं की छान दिसतं." गुडघे धरलेल्या बाईने गच्चीवर जाऊन तळं बघायचं!

दुसरी गोष्ट डोंगरांची. लेकसाइडच्या बऱ्याच भागातून सारंगकोटची टेकडी मध्ये येते आणि बर्फाची शिखरं अर्धीमुर्धी झाकली जातात. दक्षिणेकडच्या काठावरून आणि धरणाच्या बाजूने, तिला डॅमसाइड म्हणतात, ती चांगली दिसतात. वारा पडलेला असेल तर पाण्यात उलटीही. शिवाय लेकसाइडला रात्री उशिरापर्यंत गाणीबजावणी चालते. तरुण मंडळींना ते हवंच असतं. आम्हांला नऊला निजायचं होतं. अगदीच शांतता हवी असेल तर गावाबाहेर बेगनास तळं आहे, पण तिथून रोज उड्यांच्या ठिकाणी जायचं म्हणजे टॅक्सीत वेळ जाणार.

मी दक्षिण काठ धरला. त्यातही एक विचारायचं असतं, की पोचायचं कसं? फिशटेल लॉजला तर पाणी ओलांडून, दोराने ओढायच्या तराफ्यावरून जातात. मुलांना गंमत वाटेल, पण काठी टेकत चालणाऱ्या माणसाचं काय, हे आधी ठरवावं. मी सगळीकडे हेच चार-पाच प्रश्न विचारले. तळमजल्याची खोली आहे का? खोलीपर्यंत पायऱ्या किती? न्हाणीघरात धरायला दांडी आहे का? शाकाहारी जेवण वेगळं मिळेल का? आणि पलंगावर पडल्या पडल्या काय दिसतं? शेवटच्या प्रश्नाला एका ठिकाणच्या मुलीने थांबून उत्तर दिलं, "व्हरांड्याचं दार उघडं ठेवलं तर पाणी, आणि सकाळी हवा स्वच्छ असली तर माछापुच्छ्रे." तीच जागा ठरली. एका रात्रीचं भाडं माझ्या अर्ध्या महिन्याच्या पगाराएवढं. छातीत धस्स झालं, पण पैसे भरले.

भाड्याचं बोलतेच आहे तर हेही सांगते. नेपाळचा रुपया आपल्या रुपयाशी बांधलेला आहे. आपले १०० म्हणजे त्यांचे १६०. दुकानदार 'आयसी की एनसी' असं विचारतात, म्हणजे पैसे भारतीय सांगताय की नेपाळी. हॉटेलचा आकडाही त्यातला कुठला आणि कर धरून आहे की सोडून, हे लेखी घ्यावं. १३ टक्के व्हॅट नंतर वर चढला की सगळा हिशेब कोलमडतो. आपल्याला व्हिसा लागत नाही, पण विमानाने जाताना मोठ्या माणसांनी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ ठेवावं. काठमांडूहून पोखऱ्याचं छोटं विमान अर्ध्या तासाच्या आत पोचवतं. उजवीकडची खिडकी मागावी, हिमालय त्याच बाजूला असतो. जून ते सप्टेंबर मात्र जाऊ नये. पोखऱ्याला तेव्हा धो धो पाऊस असतो आणि डोंगर ढगांत बसलेले. आपली दिवाळीची सुट्टी बरोबर स्वच्छ हवेच्या दिवसांत येते.

लक्ष्मीपूजन घरी करून आम्ही निघालो आणि भाऊबीज तिथे झाली. तिकडे दिवाळीला तिहार म्हणतात आणि भाऊबीजेला भाईटीका. बहीण भावाच्या कपाळावर सात रंगांचा टिळा लावते आणि न कोमेजणाऱ्या मखमली फुलांची माळ घालते. त्या दिवशी बरीच दुकानं बंद. आमच्या लेकीनेही तिथल्या मुलींकडून रंग मागून घेतले आणि भावाला सात रंगांत रंगवून काढलं.

दुसऱ्या दिवशी हे आणि मुलगा उडायला गेले. पायलटचा परवाना आणि विमा ह्यांची चौकशी मी आदल्या रात्रीच करवून घेतली होती. लेक, सासूबाई आणि मी नावेतून तळ्यातल्या बेटावर तालबाराहीच्या दर्शनाला गेलो. नाववाल्याने आईंचा हात धरून अलगद उतरवलं. परतताना वर आकाशात रंगीत छत्र्या फिरत होत्या. त्यांत आमचे दोघे कुठले ते काही कळेना. आईंनी मात्र एकीकडे बघून हात हलवला. "तोच असणार, लहानपणापासून असाच वाकडा बसतो," म्हणाल्या.

तेलाबद्दल सांगायचं राहिलंच. स्पा म्हटलं की आपल्याला संकोच वाटतो, पण विचार करा. बाळंतपणात चाळीस दिवस आपल्याला तेल लावायला बाई येत होती. अंग शेकून, धुरी घेऊन आपण गाढ झोपत होतो. माझं धाकटं अकरा वर्षांचं. म्हणजे अकरा वर्षांत दुसऱ्या कोणाच्या हाताने माझ्या पाठीला तेल लागलं नव्हतं. दिवाळीच्या पहाटे सगळ्यांना मी लावते, आणि शेवटी उरलेल्या वाटीत बोटं बुडवून स्वतःच्या कोपरांना पुसते. तुमच्याकडेही काही वेगळं नसेल.

स्पामध्ये जाताना मी आधी विचारून घेतलं होतं, की बाईच मालिश करणार ना, किती मिनिटांचे किती आणि तेल कुठलं. रक्तदाब, मधुमेह, पायाच्या फुगलेल्या शिरा, दिवस गेलेले असणं, ह्यांतलं काही असेल तर आधी सांगावं आणि डॉक्टरांनाही विचारून जावं. भरल्या पोटी जाऊ नये.

मालिश करणारी माझ्याच वयाची होती. हिंदीत बोलत होती. नवरा कतारला, दोन मुली सासूजवळ. तिचे अंगठे खांद्याच्या मागे, रोज शाळेची पिशवी अडकते तिथे अचूक थांबले. "यहाँ बहुत दिन का है," ती म्हणाली. मला एकदम रडू आलं. ती काही बोलली नाही, हातही थांबवला नाही. उठताना मी विचारलं, "तुम्हांला कोण तेल लावतं?" ती हसली. "सासू. शनिवारी. माझी सुट्टी असते ना." नेपाळात शनिवारी सुट्टी असते हे मला ठाऊक होतं, सासू तेल लावते हे ऐकून मी गप्पच झाले.

खोलीवर येऊन मी आईंना हे सांगितलं. म्हटलं, तुमचे पाय तरी चोळून घ्या, डॉक्टरांनी पायांना हरकत नाही म्हटलंय. "एवढे पैसे तेल चोळायला?" असं त्या दोनदा म्हणाल्या आणि तिसऱ्यांदा चपला शोधू लागल्या.

शेवटच्या दिवशी पहाटे मला जाग आली तेव्हा व्हरांड्याचं दार उघडं होतं. आई शाल पांघरून पलंगावरच बसल्या होत्या. समोर माछापुच्छ्रेच्या शेंड्यावर नुकतं ऊन आलं होतं, खाली तळं अजून काळंच होतं. "मुक्तिनाथ ह्याच्याच मागे ना गं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "हो आई, ह्या रांगेच्या पलीकडे." त्यांनी हात जोडले. बराच वेळ जोडलेले होते. त्या वेळी मला भाड्याचा आकडा आठवला, आणि तो मोठा वाटला नाही.

घरी आल्यावर जाऊबाईंनी विचारलं, "मग, पैसे वसूल झाले?" मी त्यांना वही दाखवली. एकेका नावापुढे बरोबरची खूण होती. आईंच्या नावापुढची खूण त्यांनी स्वतःच्या हाताने केली होती. जाऊबाईंनी वही उलटसुलट पाहिली, आणि तिथे पायऱ्या किती आहेत ते विचारलं. त्यांच्याही गुडघ्यांची कुरकुर सुरू झाली आहे.

पोस्टातलं खातं मी बंद केलेलं नाही. पुढच्या महिन्यापासून त्यात पुन्हा पैसे पडतील. आणि शनिवारी दुपारी शाळा सुटून आले की वाटीत तेल कोमट करून ठेवते. सासूबाईंच्या पायांना मी लावते, आणि माझ्या पाठीला लेक.