वडिलांची दीडशे पाने

आपल्या घरी एखादा जुना संगणक असेल, तर त्याला निरोप देण्यापूर्वी तो एकदा उघडून पाहा. आमच्या संगणकातील विंडोज एक्सपीची देखभाल ८ एप्रिल २०१४ रोजी थांबली, तरी गेल्या वर्षापर्यंत वडिलांनी तो सोडला नव्हता. त्यांच्या आठवणींची दीडशे पाने त्यात होती. ती नव्या संगणकावर उघडली, तो मराठीऐवजी रोमन अक्षरांचा अर्थहीन पाचोळा! वडील काही बोलले नाहीत; चष्मा पुसत बसले.

कारण साधे होते. जुन्या फॉन्टांत मराठी अक्षराची केवळ आकृती रोमन अक्षराच्या जागी बसविलेली असे; तो फॉन्ट नसला, की मराठीही नाही. युनिकोडने देवनागरीला स्वतःची स्थाने १९९१ मध्येच दिली होती.

रूपांतराच्या सोयीने मजकूर परत आला. पण ऱ्हस्व वेलांटीने आणि रफाराने फार छळले. जुन्या पद्धतीत ही वेलांटी अक्षराआधी टंकावी लागे, युनिकोडमध्ये ती नंतर येते. रफाराचे नेमके उलट. म्हणून मूळ फाइल तशीच जपली, जुन्या संगणकावरून सारी पाने कागदावर छापून घेतली (हे यंत्र चालू आहे तोवरच करावे), आणि ती शेजारी ठेवून आम्ही दोघे रोज पाच पाने ताडून पाहू लागलो.

नव्या कळफलकाशी वडिलांचे अजून जुळलेले नाही. काल त्यांनी एकशे एक्कावन्नावे पान आरंभिले. पहिल्या ओळीलाच पाऊण तास लागला.