दुसऱ्या गेटातली माणसं

पुणे-सातारा महामार्गावर चेलाडी फाट्याला वळलं की नसरापूर लागतं आणि तोच रस्ता पुढे वेल्ह्याला, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यात जातो. फाट्याच्या एका अंगाला खेड-शिवापूरचे कारखाने, दुसऱ्या अंगाला नीरा ओलांडली की शिरवळचे. विंझर, मार्गासनीकडून आलेली पोरं फाट्यावर दुचाकी लावतात आणि कंपनीच्या बसमध्ये चढतात. माझीही नोकरी या पट्ट्यातलीच. भोरच्या आयटीआयमधून फिटरचा ट्रेड केला, शिकाऊ उमेदवारी केली आणि वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात लागले. व्हर्नियर, मायक्रोमीटर, हाइट गेज हाताळायचे, पहिला नग तपासायचा, रिपोर्ट लिहायचा. हे काम मला मनापासून आवडलं आणि आजही आवडतं.

मी ठेकेदाराकडे होते. ऑर्डर घटल्या, ठेका संपला आणि आम्हा बऱ्याच जणांना एकाच महिन्यात घरी बसावं लागलं. हातात कसब होतं, पण ते कुठे हवंय हे कळायला मार्ग नव्हता. माणसाच्या पोटापाण्याला ओळख कशी उपयोगी पडते आणि कुठली ओळख उपयोगी पडते, हे मला त्या काळात समजलं.

आधी मी आपल्या माणसांकडेच गेले. मामा, चुलतभाऊ, आयटीआयच्या मैत्रिणी, सोबत सुटलेले सहकारी. सगळ्यांनी जीव तोडून प्रयत्न केले. मात्र प्रत्येकाकडे माझ्याइतकीच माहिती होती. आम्ही एकाच बसने जाणारे, एकाच ठेकेदाराकडून पगार घेणारे. माझ्या कानावर न आलेली बातमी त्यांच्याही कानावर आलेली नव्हती.

तेव्हा आजोबांनी सांगितलेल्या गोष्टींचा अर्थ लागला. आजोबा तरुणपणी मुंबईला गिरणीत गेले. त्या काळी वेल्ह्या-भोरकडचा माणूस परळ-लालबागला उतरला की गावकीच्या खोलीत त्याला पथारीपुरती जागा मिळायची, खानावळीत उधारी चालायची आणि गावचाच कुणीतरी त्याला खात्यात बदली कामगार म्हणून उभा करायचा. त्या खोल्यांनी हजारो घरं जगवली. पण खोलीतले बहुतेक जण गिरणीतलेच. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि पुढे गिरण्या बंद पडत गेल्या. खोलीत माया तितकीच होती, पण दुसऱ्या धंद्याची बातमी आणणारं कुणी नव्हतं. एकाची रोजी गेली तेव्हा शेजारच्या पथारीवरच्याचीही गेलेली होती. आजोबा गावी परतले ते कायमचे.

मला काम मिळालं ते कॅलिब्रेशनवाल्या काकांमुळे. आम्ही ज्या उपकरणांनी मोजतो ती बरोबर मोजतात की नाही हे ठरावीक मुदतीने तपासून घ्यावं लागतं, म्हणून प्रयोगशाळेचा माणूस स्लिप गेजची पेटी घेऊन कारखान्यात येतो. काका वर्षातून एखाद-दोनदा यायचे. मी त्यांच्याजवळ उभी राहून विचारायची: हा मायक्रोमीटर शून्याला का येत नाही, बोअर गेज कसा सेट करायचा. तेही न कंटाळता सांगायचे. एवढीच आमची ओळख. काम सुटल्यावर मी त्यांना फोन केला. नोकरी द्या असं म्हटलं नाही. माझं सध्या असं असं झालंय, हे हे काम येतं, कुठे गरज दिसली तर कळवा, इतकंच म्हटलं.

त्यांचा फोन आला. शिरवळजवळच्या एका कारखान्यात सीएमएम, म्हणजे नगाची मापं घेणारं नवीन मशीन येत होतं आणि मोजणीला माणसं लागणार होती. जाहिरात निघालेली नव्हती. “पोरी, शब्द टाकायला मी कोण? पण तिथं एमएसए विचारतात, तेवढं पक्कं करून जा,” असं ते म्हणाले. एमएसए म्हणजे मोजणीचीच परीक्षा. साधारणपणे दहा नग, तीन माणसं, प्रत्येकाची दोन-तीनदा मोजणी. तोच नग वेगवेगळ्या हातांत वेगळा भरला तर दोष उपकरणात आहे की माणसात, हे त्यातून कळतं. मी रात्री बसून ते आकडेमोडीसकट करून पाहिलं. मुलाखतीत तेच विचारलं गेलं आणि मी निवडले गेले. बातमी काकांची होती, परीक्षा माझी मी दिली. वशिला आणि ओळख यांत मला हाच फरक दिसतो. वशिल्यात परीक्षाच टळते. ओळखीत ती कुठे आणि कसली आहे हे वेळेवर कळतं.

पुढे वाचनात आलं की कामाची बातमी बहुधा लांबच्या ओळखीतून येते, हे अमेरिकेतल्या एका समाजशास्त्रज्ञाने ५० वर्षांपूर्वीच दाखवलं होतं. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बोस्टनजवळच्या एका उपनगरात नुकतीच नोकरी बदललेल्या लोकांना विचारलं, की ज्या ओळखीच्या माणसाकडून नोकरीची माहिती मिळाली त्याची-तुमची भेट किती वेळा व्हायची? १९७३ साली त्यांचा निबंध छापून आला. शंभरातल्या जेमतेम १७ जणांचा माणूस नेहमी भेटणारा निघाला. सुमारे ५६ जणांचा अधूनमधून भेटणारा आणि २८ जणांचा क्वचितच भेटणारा. कारण तेच: जवळचे लोक आपल्याच वर्तुळात असतात, लांबच्या ओळखीचा माणूस दुसऱ्या वर्तुळातली बातमी आणतो. आपल्या पट्ट्यात असे लोक कोण? कॅलिब्रेशनवाले, कटिंग टूल पुरवणारे, मशीनची सर्व्हिस करणारे, माल नेणारे टेम्पोवाले, कॅन्टीन चालवणारे. त्यांची ये-जा अनेक गेटांतून असते. कुठे नवी लाइन टाकली जातेय, कुठे शिफ्ट वाढतेय, हे त्यांना आधी कळतं.

बायकांच्या बाबतीत यात एक मोठी अडचण आहे. पुरुषांची देवाणघेवाण शिफ्ट सुटल्यावर टपरीवर, चहाच्या कपाबरोबर होते. आम्ही बसमधून उतरतो ते थेट घरी, कारण स्वयंपाक, मुलं, म्हातारी माणसं वाट पाहत असतात. टपरीवरची बातमी आमच्यापर्यंत पोचेस्तोवर जागा भरलेली असते. म्हणून आम्ही काही जणींनी एक व्हॉट्सॲप ग्रुप केला. नसरापूर, कामथडी, केळवडे, विंझर अशा गावांतल्या, वेगवेगळ्या कंपन्यांतल्या मुली मुद्दाम घेतल्या. नियम थोडे आहेत. जागेची माहिती टाकताना शिफ्ट कुठली, बस कुठून, कंपनीच्या पटावर की ठेकेदाराकडे, पीएफ कापतात की नाही, हे सगळं लिहायचं. नोकरी लावून देतो म्हणून पैसे मागणाऱ्याचा नंबर आला की सगळ्यांना सावध करायचं. सुट्टीच्या दिवशी जमेल तेव्हा बनेश्वराच्या आवारात बसतो. १७४९ साली नानासाहेब पेशव्यांनी बांधलेल्या त्या देवळाभोवतीच्या झाडीत कुणी ड्रॉइंग वाचायला शिकवतं, कुणी मुलाखतीत काय विचारलं ते सांगतं.

ओळख शेतासारखी आहे. पेरणीच्या वेळी बांधावर न फिरकता सुगीला विळा घेऊन जाता येत नाही. काम लागल्यावर मी काकांना फोन करून कळवलं आणि आता आमच्याकडे काय नवीन चाललंय ते त्यांना सांगत असते. सोबतच्या कुणाला काही अडलं तर माहिती आहे तेवढं सांगते. शब्द मात्र जपून टाकते. जिचं काम डोळ्यांनी पाहिलं तिच्यासाठीच टाकते. नात्यातली असली आणि काम पाहिलेलं नसलं तर तसं स्पष्ट सांगते. एकदा चुकीच्या माणसासाठी शब्द टाकला तर पुढच्या चांगल्या मुलीच्या वेळी तो कुणी ऐकणार नाही.

आपल्या भागात कारखाने आले, रस्ता सहापदरी झाला, आयटीआयमधून दरवर्षी नवी मुलं बाहेर पडतात. त्यांना माझं सांगणं आहे: आपल्या माणसांची माया सोडू नका, अडचणीत तीच सावरते. पण काम असतानाच, गरज नसतानाच, दुसऱ्या गेटातल्या दोन माणसांशी मनापासून ओळख करा. त्यांच्याकडून शिका, त्यांना उपयोगी पडा. आणि मुलींनो, टपरीवरची बातमी तुमच्यापर्यंत येईल म्हणून थांबू नका. आपली बातमी आपणच एकमेकींना द्या.